बेंच कुठे गेली

४ मार्च

बुटके,

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू रडायला लागतेस, मी चिडते आणि मग "बरं ठेवते" म्हणून दोघी मोकळ्या होतो. या वेळी मला उत्तर हवंय, आणि ते नीट विचार करून दिलेलं हवंय.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी आमच्या सगळ्या टेस्टिंग खात्याला कँटीनमध्ये बोलावलं. मोठे साहेब स्वतः आले होते. भिंतीवर जगाचा नकाशा पाडला, त्यावर लाल बाण. एक बाण आमच्या कारखान्यातून निघून समुद्र ओलांडून थेट तुमच्याकडे गेलेला. साहेब म्हणाले, "जागतिकीकरणाचा रेटा आहे, त्यापुढे ना माझं काही चालतं, ना तुमचं. पाण्याचे मीटर जोडायचं काम इथेच राहील, टेस्टिंग मात्र आपल्या भावंड कारखान्यात जाणार." भावंड हा त्यांचा शब्द. तो ऐकला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तू कुठे असतेस हे इथे कोणाला माहीत नाही?

पुढच्या आठवड्यापासून राजीनाम्याचे कागद फिरणार आहेत. आपणहून सही केली तर थोडं जास्त हातात पडेल, नाही केली तर कायद्याने जे असेल तेवढंच. काकी माझ्या शेजारी बसली होती. तुला आठवते ना काकी? तू नवीन लागलीस तेव्हा मीटर उलटा बसवलास आणि सगळं पाणी तिच्या अंगावर उडालं होतं. ती मला हळूच म्हणाली, "म्हणजे आता तुझ्या बहिणीने करायचं का हे काम?" मी म्हटलं, मला काही माहीत नाही. तिचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही बसला नाही.

मी शब्द टाकला म्हणून तू या कंपनीत लागलीस. मीटर तपासायच्या माझ्याच बेंचवर काम शिकलीस. लग्न करून तिकडे गेलीस तेव्हा ते शिकलेलं कामच तुला तिथल्या कारखान्यात उपयोगी पडलं, याचा मला केवढा अभिमान वाटायचा. म्हणून सरळ विचारते. तुला हे आधी माहीत होतं का?

तुझी
ताई


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच उभी राहून वाचलं. मला काहीच माहीत नव्हतं, शप्पथ. आमच्याकडे असं कोणी काही बोललेलं नाही. मागची शेड रिकामी केलीय हे खरं आहे, पण ती कशासाठी ते मला कोण सांगणार? मी इथे साधी जोडणीवाली.

तू रागावली आहेस हे कळतंय. पण ताई, साहेब म्हणतात त्यात अगदीच तथ्य नसेल असं नाही. बाजारात बाहेरचे मीटर किती स्वस्त येतात ते आम्ही इथेही पाहतो. कुठलीही कंपनी काम जिथे परवडेल तिथेच नेणार. यात कोणाचा दोष काढायचा? तुझं वयही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, दिवसभर ओल्यात उभं राहून गुडघे दुखतात असं तूच म्हणायचीस. जास्तीचे मिळत असतील तर सही करून टाक आणि जरा आराम कर, असं मला मनापासून वाटतं. भाऊजींचंही तेच मत असेल.

इकडे आमचं सगळं छान चाललंय. हे बरे आहेत. थंडी अजून गेली नाही. तुझ्या लेकीची परीक्षा कशी झाली ते कळव.

तुझी
बुटकी


२४ मार्च

मागची शेड रिकामी केलीय, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमची बेंच लांबलचक असते, तिला शेडच लागते. तुला ठाऊक नाही म्हणतेस आणि जागा तयार आहे हेही सांगतेस.

मी तुला कारण विचारलं नव्हतं. कारण साहेबांनी सांगितलं, नकाशासकट. तू त्यांचीच टेप मला परत ऐकवलीस, आणि वर माझे गुडघे काढलेस. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघीन.

इथे काय चाललंय ते ऐक. जेवायला मी बसले की बाकीचा बाक रिकामा होतो. मीटरला सील मारणारी परवा मला ऐकू जाईल असं बोलली, "एका बहिणीने शिकवायचं आणि दुसरीने घेऊन जायचं, घरातल्या घरात." मी डबा बंद केला आणि उठले. काकीने सही केली. जाताना माझ्याशी बोललीही नाही. इतकी वर्षं आम्ही एका नळाचं पाणी मोजलं, आणि ती पाठ करून गेली.

तुझे भाऊजी बसच्या ड्युटीवरून आले की रोज तोच प्रश्न विचारतात, काय ठरवलंस? त्यांचं म्हणणं सही करू नये. माझं काहीच ठरत नाही.

तुला माझी जागा देऊ केली आहे का? हो किंवा नाही एवढंच लिही. हो असेल तर मी समजून घेईन, तुझाही संसार आहे. पण खोटं लिहिलंस तर पुन्हा लिहू नकोस.

ताई


२ एप्रिल

ताई,

नाही.

आता सगळं लिहिते. आधी लिहिलं नाही कारण लाज वाटत होती, आणि भीतीही.

शेड टेस्टिंगसाठी रिकामी केलेली नाही. तिथे जोडणीची दुसरी रांग बसायची. ती माणसंच काढून टाकली, म्हणून शेड रिकामी झाली. ओस पडलीय नुसती, टेबलं उलटी करून ठेवलीत. गेल्या हिवाळ्यात आमचीही सभा झाली. आमच्या भिंतीवरही नकाशा पाडला होता, बाण लाल नव्हता, निळा होता, आणि तो आमच्याकडून निघून तुमच्याकडे जात होता. आम्हाला सांगितलं, तिकडच्या बायका जास्त वेळ काम करतात, कमी पैशात करतात आणि तक्रार करत नाहीत. जागतिकीकरणात टिकायचं असेल तर तुम्हीही रोज जास्तीचा वेळ थांबा, त्याचे पैसे मागू नका, नाहीतर उरलेलं कामही तिकडे जाईल. सगळे मुकाट थांबायला लागले. मीसुद्धा. तिकडच्या बायका म्हणजे कोण ते मला माहीत होतं, ताई. तू आणि काकी. तुम्ही तक्रार करत नाही हे ऐकून मला त्या सभेत हसू आलं होतं. पण बोलायची हिंमत झाली नाही.

का झाली नाही तेही ऐक. आमचं छान चाललंय असं लिहिलं ते खोटं होतं. यांच्या हातावर गोदामात पेटी पडली, तेव्हापासून मूठ नीट वळत नाही. ते घरीच असतात. इथे राहायचा परवाना माझ्या नोकरीवर आहे, खोली कंपनीची आहे. नोकरी गेली की दोन्ही गेलं. सही कर, आराम कर असं तुला लिहिलं, कारण तू भांडायला उभी राहशील आणि कुठून तरी माझं नाव निघेल याची मला भीती वाटली. हे लिहिताना माझीच मला किळस येतेय.

आता तुला सगळं कळलं. तुमच्याकडून कुठलंही काम इकडे येत नाहीये. पण ताई, हात जोडते, हे कुठून कळलं ते कोणालाही सांगू नकोस. भाऊजींनाही नको. आमच्याकडे फोरमनबाई आहेत, त्या प्रत्येकाला विचारत असतात, जुन्या कारखान्यातलं, म्हणजे तुमच्याकडचं, कोणी ओळखीचं आहे का. आतापर्यंत मी नाही म्हणत आले.

तुझी
बुटकी


१२ एप्रिल

बुटके,

पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात न धुताच उघडलं, त्यामुळे कागदाला पीठ लागलंय.

काय लिहू? मी तुला नको नको ते बोलले. तू तिकडे माझ्या नावाने भेदरून फुकट राबत होतीस आणि मी इकडे तुझ्या नावाने डबा बंद करत होते. तुझ्या नवऱ्याच्या हाताचं तू मला आधी का नाही सांगितलंस ते आता विचारत नाही. त्यांना रोज कोमट पाण्यात मूठ उघडझाक करायला सांग, आणि ते करतात का ते स्वतः बघ.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर तोंडात निखारा धरल्यासारखं झालं. सील मारणारी समोर बसलेली. तिला नुसतं एवढं सांगितलं असतं की तिकडची शेड रिकामी आहे, तर सगळी टेस्टिंग साहेबांच्या केबिनपुढे उभी राहिली असती. पण पहिला प्रश्न आला असता, तुला कोण म्हणालं? आणि उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. मी गप्प राहिले. ती माझ्याकडे अजून तसंच बघते. बघू दे.

भाऊजींना सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "पत्र वाचल्यापासून तू वेगळीच दिसतेस." मी म्हटलं, बुटकीकडे थंडी फार आहे. ते म्हणाले, "थंडीने कोणी असं दात ओठ खात नाही." आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी शेवटची सभा आहे. उरलेल्यांच्या सह्या तिथेच घेणार. मला दुसरा मार्ग सापडला नाही तर मी सही करीन. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, एवढं नक्की धर. जेवत जा.

तुझी
ताई


२१ एप्रिल

बुटके,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय, कारण इथे झालेलं तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

शनिवारी बाजारात काकी भेटली. मला बघून वळली, पण पिशवी जड होती, लगेच जाता आलं नाही. मी पिशवीचा एक बंद धरला. आणि माझं लक्ष तिच्या बाहीकडे गेलं. उजवी बाही कोपरापर्यंत ओली, डावी कोरडी. तू बेंचवर उभी राहिली आहेस, तुला सांगायला नको. झडप उजव्या हाताने सोडावी लागते आणि ती पहिल्यांदा पाणी थुंकते. धुण्याभांड्याने दोन्ही बाह्या भिजल्या असत्या.

मी विचारलं, "काकी, कुठे काम करतेस?"

ती म्हणाली, "कुठे नाही."

मी नुसती तिच्या बाहीकडे बघत राहिले. मग तिने सांगितलं. आमच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडला की टायरवाल्याच्या मागे पत्र्याचं गोदाम आहे, तिथे कंत्राटदाराने टेस्टिंग घेतलीय. आमच्यातली जुनी बेंच, दुरुस्तीला गेली असं मागे आम्हाला सांगितलं होतं, तीच तिथे आहे. रोजंदारी. आजारी पडलं तर पैसे नाहीत. सही केलेल्यांतून हळूहळू माणसं बोलावणार आहेत. ती म्हणाली, "कोणाला बोललीस तर माझं हेही जाईल. मला घरात बसून चालत नाही, तुला माहीत आहे." मी म्हटलं, नाही बोलणार.

आता सोमवारचं. साहेबांनी पुन्हा नकाशा पाडला, पुन्हा तो बाण. सह्यांचे कागद टेबलावर. पहिलं नाव माझं घेतलं, मुद्दामच घेतलं असावं. मी उठले. टेबलापर्यंत जाईपर्यंत सही करायचीच असं डोक्यात होतं. साहेबांनी पेन पुढे केलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या तर घरातच काम चाललंय. तुम्हाला वाईट वाटायला नको."

माझ्या आत काहीतरी सुटलं. मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "साहेब, आमची बेंच कुठे आहे?"

"दुरुस्तीला."

"कुठे?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

"मग मी दाखवते," म्हटलं आणि चालायला लागले. मागे कोणी येईल असं वाटलं नव्हतं. फाटकाशी वळून बघितलं तर सगळी टेस्टिंग मागे होती, सील मारणारी सगळ्यात पुढे. पहारेकरी नुसता बघत राहिला. आम्ही रस्ता ओलांडला, टायरवाल्याच्या मागे गेलो, मी गोदामाचं दार ढकललं.

आत बेंचवर काकी उभी होती. झडपेवर हात तसाच. तिने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मग माझ्याकडे बघितलं. पाणी तसंच वाहत राहिलं, टाकी भरून खाली सांडायला लागली, तेव्हा कुणीतरी पुढे होऊन नळ बंद केला.

साहेब धापा टाकत आले. सील मारणारीने त्यांना विचारलं, "हा समुद्र का, साहेब? आत्ता ओलांडला तो?" ते आधी चिडले, मग समजावायला लागले. म्हणाले, "हेही जागतिकीकरणच आहे. बाहेरचा मीटर इतका स्वस्त येतो, खर्च कमी केला नाही तर अख्खा कारखाना बंद पडेल."

मी म्हटलं, "मग हे असं सांगायचं होतं. काम परदेशी गेलं असं का सांगितलंत?"

"तुम्हाला समजावं म्हणून सोपं करून सांगितलं," असं म्हणाले ते. अगदी याच शब्दांत.

सह्या थांबल्या आहेत. आमच्यातल्या कोणीच केली नाही. वरून कुणी अधिकारी येणार आहे बोलणी करायला. जेवायला आता माझ्या बाकावर जागा मिळत नाही, इतक्या जणी येऊन बसतात. मला घास गिळवत नाही. तुझं नाव राखलं आणि काकीला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तिला शब्द दिला होता. गोदामाला त्याच दिवशी कुलूप लागलं. तिच्या घरी गेले होते, तिने दार उघडलं नाही. आत होती, रेडिओ बंद केलेला ऐकू आला.

आणि एक, नीट वाच. साहेबांनी काल मला केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, "तिकडचं काय काय कळवते तुझी बहीण?" मी म्हटलं, आमचं बोलणं नाही, भांडण झालंय. तुझ्या नावाने डबा बंद करून उठताना सगळ्यांनी मला पाहिलंच होतं, त्यामुळे त्यांना पटलं असावं. पण तुलाही विचारतील. तूही तेच सांग. बहिणीशी संबंध नाही म्हण.

तुझी
ताई


५ मे

ताई,

तू सांगितलं तसं मी केलं नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

फोरमनबाईंनी मला कामावरून उठवून ऑफिसात नेलं. वाटेत मी मनात घोकत होते, संबंध नाही, बोलणं नाही. त्यांनी दार लावलं, खुर्ची दिली, आजपर्यंत कधी दिली नव्हती. म्हणाल्या, "जुन्या कारखान्यात तुझी बहीण आहे असं वरून कळवलंय. खरं आहे?"

मला नाही म्हणता येईना. माझं कागदावर तुला इतकं खोटं लिहून झालं होतं, त्यात आता आणखी हे. मी म्हटलं, "आहे. आम्ही पत्रं लिहितो."

मला वाटलं, झालं. पण त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तिकडे खरंच काम वाढलंय का?" तेव्हा मला कळलं, त्या माझी चौकशी करत नव्हत्या. त्यांनाही सांगितलं होतं की पुढच्या वर्षी फोरमनचं पद राहणार नाही, सगळं तिकडून चालेल. मी त्यांना नकाशाचं सांगितलं, लाल बाणाचं सांगितलं, काकीच्या बाहीचं सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "हे तू सगळ्यांसमोर सांगशील? मी सांगितलं तर म्हणतील हिची खुर्ची जातेय म्हणून बोलते."

मी दोन दिवस मागून घेतले. घरी यांना सांगितलं. हे त्या दुखऱ्या हाताने चहा ओतत होते, थोडा सांडला. म्हणाले, "तुझ्या ताईने तुझं नाव घेतलं नाही म्हणून आपण इथे आहोत. पण तू घेणारच असशील तिचं नाव, तर मोठ्याने घे." एवढंच.

मग मी बोलले. आठवड्याच्या सभेत उभी राहिले. इथली भाषा मला अजून वाकडीच येते, पण सगळं सांगितलं. म्हटलं, ज्या बायकांची तुम्हाला भीती घालतात त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे आणि तिला माझी भीती घातली होती. त्या दिवशी जास्तीच्या वेळेला कोणी थांबलं नाही. फोरमनबाईंनी सगळ्यात आधी दिवा बंद केला. आता तो नियम मागे घेतलाय, निदान तूर्त तरी. काढलेल्यांपैकी काहींना परत बोलावण्याचं बोलणं सुरू आहे.

माझं मात्र व्हायचं ते झालं. माझा करार जुलैनंतर वाढवणार नाहीत. वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "जगभरची परिस्थितीच अशी आहे." फोरमनबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. त्यांचं पद राहिलं. मला त्यांचा राग येत नाही. येतो कधी कधी.

खोली जुलैअखेर सोडायची आहे. आम्ही परत येतोय, ताई. यांची मूठ आता अर्धी वळते. किती दिवस तुमच्याकडे राहू ते माहीत नाही, भाऊजींना आधी विचार.

मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. काल कपाट आवरताना बसून रडले. पण भीती वाटत नाही, खूप दिवसांनी.

तुझी
बुटकी


१७ मे

बुटके,

भाऊजींना काय विचारायचं? त्यांनी तुझं पत्र वाचायच्या आधीच माळ्यावरून पलंग काढला. तुझ्या नवऱ्याला सांग, बस डेपोत खिडकीवर तिकिटांचं काम असतं, त्याला एक मूठ पुरते. हे बोलून ठेवणार आहेत.

आमचं असं ठरलं. टेस्टिंग कारखान्यातच राहणार, बेंच परत आली, टायरवाल्याच्या गल्लीतून भर दुपारी हातगाडीवर. पण सगळ्या जणी राहणार नाहीत. जवळजवळ निम्म्या जातील, रीतसर भरपाई घेऊन. बाहेरचे मीटर स्वस्त येतात ते काही खोटं नव्हतं. कोणी जायचं ते आम्ही आपसात बसून ठरवलं, नकाशाशिवाय. फार भांडलो. सील मारणारी राहिली. मी राहिले. काकीचं नाव मी पहिलं मांडलं होतं, पण अधिकारी म्हणाला, त्यांनी आपल्या मर्जीने सही केली आहे, त्या आता कामगारच नाहीत. मी फार डोकं आपटलं. नाही ऐकलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी पुन्हा तिच्याकडे गेले. हे सांगायलाच, की तिला कामावर परत आणता आलं नाही. या वेळी तिने दार उघडलं. उंबऱ्यातच उभी राहिली, मला आत घेतलं नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "बहिणीचं नाव वाचवायला तू माझी बाही दाखवलीस. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"मग? राहिली तिची नोकरी?"

मी म्हटलं, "नाही. गेली. तिने आपणहून सांगितलं सगळं."

काकीने कडीवरचा हात काढला. मग दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "मग बस."

तुझी
ताई